‘ट्रिंकोमाली’चं कौतुक कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. इंग्लंडमधल्या हार्टलपूलला जपून ठेवलेल्या ‘ट्रिंकोमाली’ या जुन्या लाकडी युद्धनौकेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही मला चांगलंच झापलंत. एकही लढाई न लढलेल्या, गुलामीची आठवण करून देणाऱ्या साहेबाच्या जहाजाचं एवढं कौतुक कशाला, आणि आपली पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ भंगारात गेली त्यावर अवाक्षर का नाही, असे तुमचे दोन मुद्दे.

लढली नाही, हे खरंच. १८१९ मध्ये ती इंग्लंडला पोचली तेव्हा नेपोलियन सेंट हेलेनावर कैदेत होता. मग पंचवीसेक वर्षं नुसती बांधून ठेवली. पुढे वेस्ट इंडिज झालं, पॅसिफिक झालं, म्हातारपणी पोरांना खलाशीकाम शिकवणारी शाळा झाली. पण मी पराक्रम बघायला गेलोच नव्हतो. मी गेलो होतो मुंबईचं काम बघायला.

हे जहाज जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत तयार झालं, मलबारच्या सागवानात. युद्धांमुळे तिकडे ओकचा तुटवडा होता, म्हणून साहेब आपल्या दारात आला. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागात तेल असतं, तो खिळा सांभाळतो. दोनशे वर्षांनंतरही अर्ध्याहून जास्त लाकूड मूळचं आहे. खालच्या मजल्यावर, जिथे खलाशी जेवायचे आणि झोळ्या टांगून झोपायचे, तिथे मी वाकून एका तुळईला हात लावला. त्या गोदीतल्या सुतारांची नावं कुठल्या पाटीवर मला दिसली नाहीत. नाळेवर मुंडासं बांधलेला पुतळा मात्र आहे!

आता गुलामीचं. १२ ऑक्टोबर १८१७ ला हे जहाज पाण्यात उतरलं आणि ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. पेशवाई बुडायला आली असताना मुंबईत इंग्रजांसाठी फ्रिगेट, म्हणजे वेगवान युद्धनौका, बांधली जात होती, ही बोच मलाही आहे. ती लेखात यायला जागा होती, पण म्हणून कारागिरी खोटी ठरत नाही.

‘विक्रांत’चा राग मात्र शंभर टक्के मान्य. गंमत बघा, ती न्यूकॅसलला टाइन नदीवर बांधायला घेतली होती, हार्टलपूलपासून हाकेच्या अंतरावर. १९९७ ला निवृत्त झाली, मुंबईत संग्रहालय झाली, २०१२ ला सुरक्षिततेच्या कारणावरून बंद पडली आणि २०१४ पासून मुंबईतच, जहाजं तोडतात त्या दारूखाना भागात तुटली. उलट ‘ट्रिंकोमाली’ १९८७ मध्ये हार्टलपूलला आणली तेव्हा तिचाही सांगाडाच झाला होता. तिथल्या कारागिरांनी दहा वर्षांहून जास्त खपून ती उभी केली. हजारो टनांची पोलादी विमानवाहू नौका जपणं लाकडी फ्रिगेटपेक्षा कितीतरी खर्चिक, हे कबूल. तरी पैसाच नव्हता, हे कारण मला पटत नाही.

तुमचा मुलगा न्यूकॅसललाच असतो असं तुम्ही लिहिलंय. तिथून हार्टलपूलला थेट गाडी आहे, तासाभराच्या आत पोचाल. बघून या, मग भांडू. फक्त खालच्या मजल्यावर उतरताना डोकं सांभाळा, छत फार बुटकं आहे.