नदीकाठी कॅम्पिंग करताय? मग पाण्यालगतची जागा सोडा, मागची घ्या

नदीकाठच्या पार्कमध्ये कॅम्पिंगला जायचं ठरलं की ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला, "एकदम पाण्याला लागून जागा बघ रे". मग साइटचा नकाशा उघडतात, नदीच्या निळ्या रेषेला चिकटलेले चौकोन सगळ्यात आधी भरतात, आणि ज्याला तो मिळत नाही तो नाराज. मला ही ओढ कळते, तंबूची चेन उघडली की समोर वाहतं पाणी असावं असं कुणाला नाही वाटणार. पण माझं स्पष्ट मत आहे की मागच्या रांगेतली, जरा उंचावरची जागा मोकळी असेल तर तीच घ्यावी, आणि लहान मुलं सोबत असतील तर यावर चर्चासुद्धा करू नये.

पहिलं कारण अर्थातच पाणी. आपण आपल्या जागेचा हवामान अंदाज बघतो, आकाश निरभ्र असेल तर खूश होतो. पण नदीला आपल्या डोक्यावरच्या आकाशाशी फारसं देणंघेणं नसतं, ती वरच्या खोऱ्यात काय झालंय ते घेऊन खाली येते. तिकडे डोंगरात दुपारी जोरदार सर आली तर आपल्याकडे रात्री चांदणं असताना पाणी चढू शकतं. आणि वर धरण असेल तर पावसाचीही गरज नाही, वीजनिर्मितीसाठी किंवा साठा कमी करायला विसर्ग वाढवला की पातळी वाढते, काही ठिकाणी फार पटकन. म्हणून प्लॅन करताना मी आधी नकाशावर नदी उलट दिशेने वर वर बघत जाते, धरण आहे का, मोठे ओढे कुठे मिळतात, आणि मग त्या वरच्या भागाचा अंदाज बघते. पार्कच्या ऑफिसला फोन करून सरळ विचारायचं, पाणी सोडतात तेव्हा भोंगा वाजतो का, मागच्या पुरात पाणी कुठपर्यंत आलं होतं. तिथे रोज काम करणाऱ्या माणसाला हे पाठ असतं आणि विचारलं की तो मनापासून सांगतो.

जागेवर पोचल्यावरही नदी स्वतः बरंच सांगते. झुडपांच्या फांद्यांमध्ये अडकलेलं वाळकं गवत, काटक्या, प्लास्टिकचे तुकडे दिसले की समजायचं पाणी इथपर्यंत येऊन गेलंय. ते तुमच्या कमरेच्या उंचीवर असेल तर त्या जागी तंबू लावायचा का हे वेगळं सांगायला नको. वळणाच्या आतल्या बाजूला जो मऊ वाळूचा सपाट पट्टा असतो ना, झोपायला एकदम मस्त वाटतो तो, तोही नदीनेच आणून टाकलेला असतो आणि पाणी चढलं की आधी तोच बुडतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूला प्रवाह काठ खालून पोखरतो, वरून जमीन घट्ट दिसते आणि खाली पोकळ असते, तिथे अगदी कडेला मुलांना उभंही करू नये.

आणि पाणी चढताना सिनेमातल्यासारखी लाट येईलच असं नाही. आधी रंग बदलतो, स्वच्छ पाणी गढूळ होतं, पानं काटक्या वाहत यायला लागतात, आवाज जड होतो, मघाशी दिसत असलेला दगड आता दिसत नाही. यातलं एक जरी दिसलं तरी सामानाच्या मागे न लागता माणसांनी उंचावर जायचं, तंबू परत घेता येतो. वाहत्या पाण्याचा जोर लोकांना खरंच कळत नाही, वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. जोरात वाहणारं जेमतेम १५ सेंटीमीटर पाणी मोठ्या माणसाचे पाय उचलू शकतं, ३० सेंटीमीटरमध्ये छोटी गाडी तरंगायला लागते आणि ६० सेंटीमीटरमध्ये बहुतेक गाड्या वाहून जातात. म्हणून पार्ककडे जाणारा रस्ता कुठे सखल भागातून किंवा छोट्या पुलावरून जातो का, तेही जायच्या आधीच बघायचं, कारण जागा सुरक्षित असली तरी परतीचा रस्ता बंद होऊ शकतो.

आता दुसरं कारण, ज्याच्याबद्दल कुणीच बोलत नाही. झोप! काठावर रात्री जास्त गारठा असतो. थंड हवा जड असते, ती उतारावरून घरंगळत खाली येते आणि सगळ्यात खोलगट भागात साचते, आणि तो भाग म्हणजे नदीचा काठ. त्यात पाण्यामुळे हवेत ओलावा, आपल्या श्वासातली वाफ वेगळी, मग पहाटे तंबूचं कापड आतून थबथबलेलं आणि स्लीपिंग बॅग दमट. थोडं उंचावर, झाडांच्या आडोशाला गेलं की हे लक्षात येण्याइतकं कमी होतं, कारण झाडं वर असली की कापड मोकळ्या आकाशाखाली निवतं तितकं निवत नाही. फक्त तंबू लावायच्या आधी मान वर करून सुकलेली किंवा अडकलेली फांदी नाही ना हे बघायचंच. आणि ओलावा वाटला म्हणून तंबू बंद करून घेऊ नका, उलट दोन्ही बाजूंच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा. स्लीपिंग बॅग घेताना लेबलवरचा कम्फर्टचा आकडा बघा, म्हणजे किती थंडीपर्यंत आरामात झोप लागते तो, लिमिट किंवा एक्स्ट्रीमचा नाही. आणि खालच्या मॅटवर पैसे वाचवू नका, जमीन अंगातली ऊब ओढून घेते आणि खाली दबलेली बॅग तिथे काही उपयोगाची नसते. कितीही गारठा असला तरी स्टोव्ह किंवा निखारे तंबूत घ्यायचे नाहीत, त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही.

तिसरं कारण मला खरं तर सगळ्यात जवळचं आहे. काठ हा फक्त आपला नसतो. संध्याकाळ झाली की प्राणी पाण्यावर येतात, पक्षी, बेडूक, किडे, सगळ्यांची घरं त्या गवतात आणि दगडांखाली असतात. आपण तिथेच तंबू ठोकून रात्रभर दिवे आणि स्पीकर लावले तर त्यांनी जायचं कुठे? दुसऱ्या रांगेत राहून अंधार पडताना गुपचूप काठाच्या जवळ जाऊन बसा, दिवे बंद ठेवा, जे दिसतं ते पाण्याला चिकटून राहणाऱ्याला दिसत नाही हे मी खात्रीने सांगते. भांडी आणि अंघोळही नदीत नको. बायोडिग्रेडेबल लिहिलेला साबणसुद्धा पाण्यात टाकायचा नसतो, तो मातीत विघटन व्हावा म्हणून बनवलेला असतो. बादलीत पाणी घेऊन काठापासून साधारण ६० मीटर लांब यायचं आणि तिथे धुऊन ते पाणी पसरून टाकायचं. जवळ टॉयलेट नसेल तर खड्डाही तेवढ्याच अंतरावर, १५ ते २० सेंटीमीटर खोल, वरून माती.

पिण्याचं पाणी पार्कच्या नळाचं असेल तर उत्तम, पण ते पिण्यालायक आहे का हे बुकिंग करतानाच विचारून घ्या. नदीचं प्यायची वेळ आलीच तर कितीही काचेसारखं दिसलं तरी खळखळून उकळी आल्यावर १ मिनिट उकळायचं, २००० मीटरच्या वर असाल तर ३ मिनिटं. नुसत्या क्लोरीनच्या गोळ्यांनी क्रिप्टोस्पोरिडियमसारखे जंतू सहज मरत नाहीत, उकळणं सगळ्यात भरवशाचं.

मुलांबद्दल एवढंच, पाण्याजवळ जाताना अंगाला नीट बसणारं लाइफ जॅकेट, आणि लक्ष ठेवायला एका वेळी एक ठरलेलं मोठं माणूस ज्याच्या हातात मोबाइल नाही. "सगळे बघतायत" म्हणजे बरेचदा कुणीच बघत नसतं. रात्री पाण्याकडे कुणीच एकट्याने जायचं नाही, मोठ्यांनीसुद्धा.

आणि निघायच्या आधी घरच्या कुणाला तरी साइटचा नंबर, परतीची वेळ आणि पार्क ऑफिसचा फोन लिहून द्या, खोलगट भागात रेंज बऱ्याचदा नसते. तुम्ही पाण्यालगतची जागा आधीच बुक केली असेल तर मागची मिळते का आजच विचारा, रिकामी असेल तर बदलून मिळू शकते.