कवटीवरचे ओरखडे

‘संग्रहालयांनी दडवलेल्या 4 वस्तू, ज्या इतिहासाची पुस्तकं खोटी पाडतात’ हा मेसेज तीनदा आला, तीनदा मी तो पुसून टाकला. चौथ्यांदा तो भाचीने पाठवला. खाली एक ओळ : ‘मामा, मग आम्ही शाळेत शिकतो ते काय?’ आता लिहिणं आलं.

पहिली वस्तू, स्फटिकाची कवटी. म्हणे ती मेक्सिकोतली, हजारो वर्षं जुनी, आणि ‘आजच्या यंत्रांनाही हे काम जमणार नाही’. अहो, काम यंत्राचंच आहे! ब्रिटिश म्युझियमने ही कवटी 1897 मध्ये टिफनी या जवाहिऱ्यांकडून विकत घेतली. तिचा माग काढत गेलं की आपण पोचतो यूजीन बोबाँ नावाच्या फ्रेंच विक्रेत्यापाशी. उत्खनन कुठेच नाही. कोणत्या थरात सापडली, शेजारी काय होतं, कशाचीच नोंद नाही. 2008 मध्ये ‘जर्नल ऑफ आर्किऑलॉजिकल सायन्स’मध्ये या कवटीचा आणि अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालयाकडच्या दुसरीचा अभ्यास छापून आला. पृष्ठभागाचे ठसे घेऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर ओरखडे फिरत्या चाकाचे. युरोपीय लोक येण्याआधी मेक्सिकोतले कारागीर दगड घडवायला असं चाक वापरत नव्हते. दुसऱ्या कवटीवर तर सिलिकॉन कार्बाइडचे कण मिळाले. ही घासायची पूड कारखान्यात बनू लागली तीच एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी.

आणि हे शोधलं कोणी? संग्रहालयांच्याच तज्ज्ञांनी. आपल्याच कपाटातली वस्तू नकली म्हणून जाहीर करणारे लोक सत्य दडवतात, असा हा आरोप आहे. कवटी बराच काळ अ‍ॅझ्टेक समजली जात होती, ही चूक मात्र त्यांचीच.

दुसरी, ‘बगदादची बॅटरी’. 1936 च्या सुमारास मिळालेलं मातीचं छोटं मडकं, आत तांब्याची नळी, तिच्यात लोखंडी सळई, तोंडाशी डांबर. आंबट पाणी घातलं की वीज निर्माण होते, हे खरं. लिंबात तांब्याची तार आणि खिळा खुपसला तरी होते. पण मडक्यासोबत ना तारा मिळाल्या, ना विजेवर चालणारं काही, आणि नळी डांबराने अशी झाकलेली की तार जोडायला जागाच नाही.

तिसरा, इजिप्तमधल्या देंदेरा इथल्या मंदिरात कोरलेला ‘बल्ब’. कमळातून निघालेला साप आहे तो. शेजारी कोरलेला मजकूर देवाबद्दल बोलतो, दिव्याबद्दल नाही. पुढे.

चौथं, अँटिकिथेराचं यंत्र. इथे मान्य करावं लागतं : दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीकांकडे ग्रहणांचा अंदाज देणारं, कांस्याच्या दातेरी चाकांचं यंत्र होतं, हे सगळ्यांनाच चकित करणारं होतं. पण दडवलंय कुठे? अँटिकिथेरा या ग्रीक बेटाजवळ प्राचीन काळी बुडालेल्या जहाजातून ते 1901 मध्ये वर आलं, आता अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात मांडलेलं आहे. उरलेली 30 चाकं एक्स-रे घालून मोजलीत.

‘बाकीचा माल तळघरात कोंडलाय’ यात अर्धं सत्य आहे. ब्रिटिश म्युझियमच्या सुमारे 80 लाख वस्तूंपैकी जेमतेम 80 हजार मांडलेल्या असतात. त्यांच्या संग्रहातल्या लाखो वस्तूंच्या नोंदी मात्र इंटरनेटवर कोणीही चाळाव्यात.

भाचीला हे सगळं सांगितलं. तिचा प्रश्न : ‘नकली आहे तर ती कवटी फेकून का नाही देत?’ कारण एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय गिऱ्हाइकाला प्राचीन मेक्सिको कसा दिसायला हवा होता, ते त्या कवटीइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही.