बांगड्याचं डोकं आणि भाच्याची वही

शनिवारी रात्री देवगडहून ताईचा फोन. "ह्या वाच गो, माका जरा धीर इलो." पाठोपाठ मेसेज आला, अनेक वेळा फॉरवर्ड झालेला. सार असं: डिस्लेक्सिया, म्हणजे मुलाचं वाचन सतत अडणं, हे शहरातल्या डॉक्टरांचं दुकान, किनाऱ्यावरच्या मासेखाऊ मुलांना तो होत नाही, मूल डावखुरं असेल तर उजव्या हाताची सवय लावा, घरात मालवणी बोलू नका, आणि दहा वर्षांचं होईपर्यंत थांबा, वाचन आपोआप येतं.

भाचा तिसरीत आहे. फाटलेलं जाळं एकदा बघून शिवतो, पण 'समुद्र' हा शब्द एका पानावर तीनदा आला तर तिन्ही वेळा पहिल्यापासून अक्षरं लावत बसतो. ताई आठवडाभर त्याला बांगड्याची डोकी चोखायला लावतेय.

माशाने वाचता येत असतं तर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा आमची सगळी पोरं बाराखडी विसरली असती. आणि शाळा नेमकी जूनमध्ये सुरू होते! मासे पौष्टिक आहेत, खावेत. पण डिस्लेक्सियात अडचण असते ती शब्दातले आवाज सुटे करून अक्षरांशी जोडण्याची, आणि ती बरेचदा घराण्यात चालत येते. भावोजींनी नववीत शाळा का सोडली, हे कुणी विचारलंय?

डावखुरेपणाचा संबंध नाही, त्या हाताला सोडा. मालवणीचाही नाही, ही अडचण कुठल्याही भाषेत वाचणाऱ्या मुलांत दिसते. उलट घरच्या बोलीत झकास गजाली सांगणारं पोर पुस्तक उघडल्यावर अडतं, तेव्हाच कान टवकारायला हवेत.

खरा संताप आला तो 'थांबा' वर. त्यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करते. पाच-सहा वर्षांच्या मुलाने 'घ'चा 'ध' केला म्हणून शिक्का मारू नये, बहुतेकांचं ते सुटतं. पण शिक्का वेगळा आणि लक्ष ठेवणं वेगळं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 याचं कलम 16 शाळांना सांगतं की विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया त्यातलाच) शक्य तितक्या लवकर ओळखा आणि शिकवण्यात त्यावर उपाय करा. केंद्राच्या 2018 च्या सूचनांत शाळेने प्राथमिक तपासणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, करायची असं सांगितलं होतं. त्याआधीही खुणा दिसतात: बोलणं उशिरा, बडबडगीतातलं यमक न सापडणं, वारांचा क्रम पाठ न होणं. दहाव्या वर्षापर्यंत थांबायला सांगणारा पोराची ही सगळी वर्षं खातो. तोवर गणितातही शाब्दिक उदाहरणं आलेली असतात, न वाचणारा सगळ्याच विषयांत 'ढ' ठरतो. मग पोटात दुखायला लागतं. आमच्याकडे दर सोमवारी दुखतं.

दुकानं आहेत, नाही कशाला म्हणू? डोळ्यांचे व्यायाम आणि 'मेंदूच्या' गोळ्या विकणारे आहेतच. पण वर्गातल्या बाईंशी बोलायला, तालुक्याच्या शाळांना मदत करणाऱ्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांची चौकशी करायला पैसे पडत नाहीत.

ताईला सांगितलंय, आधी त्याचे कान-डोळे तपासून घे आणि पहिलीपासूनच्या वह्या घेऊन बाईंना भेट. बांगड्याचं डोकं आवडत असेल तर खाऊ दे. तो म्हणतो, आवडत नाही.