ज्यांना आज ‘आमेन’ म्हणवत नाही त्यांच्यासाठी

परवा पुन्हा एक फॉरवर्ड आला. सूर्यास्ताचा फोटो, त्यावर बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं वचन, संशय धरणारा माणूस समुद्राच्या लाटेसारखा असतो ते. खाली, ‘विश्वास असेल तर आमेन लिहा आणि दहा जणांना पाठवा.’ मी काही पाठवलं नाही. पण हे वचन आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये ज्या तऱ्हेने लोकांच्या अंगावर फेकलं जातं, त्याबद्दल कधीपासून लिहायचं होतं.

ते पहिल्या अध्यायातलं सहावं वचन. पाचवं कुणी फॉरवर्ड करत नाही. त्यात याकोब म्हणतो, ज्याला ज्ञान उणं आहे त्याने देवाजवळ मागावं. तो सर्वांना उदारपणे देतो आणि दोष लावत नाही. आधी हे, मग लाटेचं. आणि लाटेचं वचन आहे द्विबुद्धीच्या माणसाबद्दल, एक पाय देवाकडे आणि एक दुसरीकडे ठेवून उभं राहणाऱ्याबद्दल. रात्री दोन वाजता दवाखान्याच्या बाकड्यावर बसून ‘देवा, ऐकतोयस ना?’ म्हणणारी बाई द्विबुद्धीची नसते. दुसरीकडे कुठे जायचंच नाही म्हणून तर ती त्यालाच विचारत असते.

एका घरी प्रार्थनासभा होती. तरुण मुलगा गेलेला, महिनाही झाला नव्हता. सतरंजीवर सगळे दाटीवाटीने बसलेले, चहाचे कप आत तयार. साक्ष द्यायची, म्हणजे देवाचा आपला अनुभव सांगायची, वेळ आली तेव्हा त्याची आई म्हणाली, “आम्ही सगळ्यांनी मागितलं होतं ना? उपास धरले होते ना? मग का नाही दिलं?” कुणी काही बोललं नाही. क्षणभराने मागून कुणीतरी गीत सुरू केलं, ढोलकीने ताल धरला आणि तो प्रश्न त्या गाण्याखाली गेला. निघताना एका भावाने तिला सांगितलं, “ताई, शंका सैतान घालतो. विश्वासात बळकट व्हा.” त्याचा हेतू वाईट नव्हता. पण ती बाई त्यानंतर कितीतरी रविवार उपासनेला आली नाही, आणि आपण म्हणत राहिलो की ती थंड पडली.

आता योहान बाप्तिस्मा करणाऱ्याचं बघा. यार्देनेच्या काठी उभं राहून ‘हा पाहा देवाचा कोकरा’ असं ज्याने येशूकडे बोट दाखवून सांगितलं, तोच हेरोद राजाच्या तुरुंगातून शिष्यांना पाठवून येशूलाच विचारतो, जो यायचा तो आपणच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? आपल्या एखाद्या प्रार्थनासभेत हे कुणी विचारलं असतं तर आपण प्रार्थनेसाठी त्याच्या डोक्यावर हात ठेवायला धावलो असतो. प्रभू काय करतो? रागावत नाही. जे ऐकता, पाहता ते योहानाला जाऊन सांगा म्हणतो: आंधळे पाहतात, पांगळे चालतात. आणि निरोप्ये निघून गेल्यावर लोकांना सांगतो की स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कोणी झाला नाही. शंका विचारली त्याच दिवशी हे प्रशस्तिपत्र.

पण तुरुंगाचं दार उघडलं नाही. योहानाचं शीर तबकात गेलं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ‘विश्वास ठेवा, सगळं होईल’ असं सांगणारे या गोष्टीचा एवढा भाग सोडून देतात. योहानाला निरोप मिळाला, सुटका मिळाली नाही. आणि त्या निरोपाच्या भरवशावर त्याने पुढचे दिवस काढले असतील, असं मला वाटतं. तसं लिहिलेलं नाही.

आपल्याच मातीतलं उदाहरण हवं तर पंडिता रमाबाई आहेत. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आईवडील दुष्काळात उपासमारीने गेलेले, मग भाऊ, मग नवरा, सगळं लहान वयात. बाप्तिस्म्यानंतर त्या गप्प बसल्या का? मुळीच नाही. त्रैक्याबद्दल (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), ख्रिस्ताच्या देवत्वाबद्दल, चर्चच्या अधिकाराबद्दल त्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून भांडत राहिल्या. एका पुरोहितशाहीतून मोठ्या कष्टाने सुटले, आता तसलंच दुसरं जोखड मानेवर घेणार नाही, असा त्यांचा सूर होता. सिस्टरांना हा गर्व वाटला. चेल्टनहॅमच्या कॉलेजात रमाबाईंना शिकवणाऱ्या डोरोथिया बील यांनी मात्र हे प्रश्न सबुरीने घेतले.

पुढे 1907 साली लिहिलेल्या साक्षीत रमाबाईंनी स्वतःच सांगितलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडायला आणखी वर्षं लागली. आणि त्याच बाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. इतक्या जणींचं रोजचं अन्न कुठून येणार, हे विचारत त्या देवापुढे बसत. बायबल सोप्या मराठीत आणायचं काम तर त्या शेवटपर्यंत करत होत्या. 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली तरी ते थांबलं नाही. त्या सुरुवातीच्या वर्षांत कुणी त्यांना ‘विचारू नका, नुसता विश्वास ठेवा’ म्हणून दाबून टाकलं असतं, तर यातलं किती झालं असतं, मला शंकाच आहे. (बघा, आलीच.)

माझ्यापुरतं सांगायचं तर पप्पा गेले तेव्हा मला उपासनेत गाता येत नव्हतं. ओठच हलत नसत. आमच्या मंडळीतल्या एका म्हाताऱ्या मावशींनी ते पाहिलं. वचन सांगितलं नाही, प्रार्थना करू का असंही विचारलं नाही. शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “तुला म्हणवत नाही ना? मग बस नुसती. आम्ही म्हणतो.” त्या वेळी मला बायबलमधलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र फार जवळचं वाटायचं. ते अंधारातच संपतं, शेवटी ‘तरी मी तुझी स्तुती करीन’ वगैरे काही येत नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. देवाला एवढं ऐकून घेता येतं, हे मला तिथे कळलं आणि त्याच्यावर भरवसा ठेवणं त्यानंतर जमायला लागलं. पप्पा का गेले याचं उत्तर अजून नाही. मी विचारते अधूनमधून.

आमच्या पाळकसाहेबांना मी सांगून पाहिलं की तरुणसंघाची एक संध्याकाळ फक्त प्रश्नांसाठी ठेवा, संदेश नको, गीतं नकोत. ते जरा कचरले, पण ठेवली. पहिलाच प्रश्न एका अकरावीतल्या पोराने विचारला: “माझी आजी हिंदू होती आणि तुमच्या-आमच्यापेक्षा चांगली होती, तिचं काय झालं?” पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, “मला सांगता येणार नाही रे. पण आजी कशी होती ते सांग.” पोरगं पंधरा-वीस मिनिटं बोलत होतं. पुढच्या महिन्यातली तारीख त्याच रात्री ठरली.