सापाची भीती म्हणे रक्तातच असते!

सापांविषयीचा एक मजकूर सध्या जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: सापाची भीती उपजत असते, माकडंही म्हणूनच घाबरतात, सापाबद्दलचा आदर म्हणजे भीतीने जोडलेले हात, आणि ज्यांना साप आवडतात त्यांना धोकाच कळत नाही.

आधी माकडं, कारण सगळा डोलारा त्यांच्यावर उभा आहे. १९८०च्या दशकात सुझन मिनेका आणि मायकल कुक यांनी प्रयोगशाळेत वाढलेल्या ऱ्हीसस माकडांना साप दाखवला. जन्मात साप न पाहिलेली ती माकडं फारशी बिचकली नाहीत. घाबरलेल्या माकडांचं चित्रण पाहिल्यावर मात्र तीही घाबरू लागली. मग चित्रणात फेरफार करून माकड फुलाला घाबरतंय असं दाखवलं, तर फुलाची भीती काही बसेना. म्हणजे भीती शिकावी लागते. सापाची चटकन शिकली जाते, उपजत म्हणायचं तर ते एवढंच. (‘एवढंच’ही काही थोडं नाही म्हणा.)

‘पण साप पाहून सहा महिन्यांच्या बाळांच्याही डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात!’ होतात, २०१७ सालचा तो प्रयोग खरा आहे. फक्त बाहुल्या कुतूहलानेही मोठ्या होतात.

आता आदर. तो निव्वळ भीतीपोटी असता, तर मान विषारी सापांनाच मिळाला असता. इजिप्तच्या राजमुकुटावर फणा काढलेला नाग होता, कबूल. पण प्राचीन ग्रीसमध्ये आस्क्लेपियस या वैद्यदेवतेच्या मंदिरांत बिनविषारी साप मोकळे फिरत, तेही आजारी माणसं झोपायची तिथे. साप कात टाकतो कसा, ते एकदा बघाच. आधी डोळे दुधाळ निळसर होतात, काही दिवसांनी पुन्हा निवळतात. मग तो दगडावर तोंड घासतो, ओठांपाशी कातडी सुटते आणि मोजा उलटा व्हावा तशी अख्खी निघते, डोळ्यांवरच्या पारदर्शक खवल्यांसकट. सापाला पापण्या नसतात, म्हणून ती झाकणं. हे बघून थक्क व्हायला आधी घाबरावं लागत नाही.

राहिला धोका न कळण्याचा मुद्दा. ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषाने माणसाचा रक्तदाब कोसळतो. हे पक्कं माहीत असलेल्यांनीच त्या विषाचा पिच्छा पुरवला आणि त्यातून रक्तदाबावरचं कॅप्टोप्रिल हे औषध निघालं. अमेरिकेत १९८१ साली त्याला मंजुरी मिळाली.