रजा कोणाच्या नावावर?

पुण्या-मुंबईकडे बापाच्या रजेचा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली असतात. 'त्याला काय बाळंतपण आलंय?' हे एक, आणि 'घरी बसून मॅच बघेल' हे दुसरं. दुसरं वाक्य बऱ्याचदा बायकाच म्हणतात, आणि त्यांचा अनुभव खोटा नसतो. पण त्यावरून 'आपल्याकडचे पुरुषच तसे' असा जो निष्कर्ष निघतो, तो स्वीडनमध्ये बसून काही पटत नाही.

कारण इथले पुरुषही रजा घेत नव्हते. स्वीडनने 1974 साली बाळंतपणाची रजा मोडीत काढून 'पालकांची रजा' आणली. कायद्याने दोघांना सारखीच. फक्त बापाला सही करून आपले दिवस आईच्या नावावर करता येत होते, आणि झाडून सगळे बाप तेच करत. सुरुवातीला वापरलेल्या दिवसांपैकी पुरुषांचे एक टक्कासुद्धा नव्हते. 1995 मध्ये प्रत्येकाचा एक महिना असा ठेवला की तो जोडीदाराला देताच येणार नाही. घ्या, नाहीतर बुडाला. 2002 मध्ये असे दोन महिने झाले, 2016 मध्ये तीन. आज पुरुषांचा वाटा सुमारे 30 टक्के आहे. पुरुष एकाएकी सुधारले असं नाही. आपल्या नावावरचे पैसे बुडताना कोणाला बघवत नाहीत, एवढंच. मंगळवारी सकाळी अकरा वाजता बाबागाडी घेऊन कॉफी पीत बसलेल्या बापाला इथे 'लाट्टेपाप्पा' म्हणतात. पुरुषांच्या स्वच्छतागृहात लंगोट बदलायची फळी असते, ती त्याच्यासाठी.

आता हिशेब. एका मुलामागे 480 दिवस, दोघांना 240-240, त्यातले प्रत्येकी 90 राखीव. यातल्या 390 दिवसांना पगाराच्या साधारण 78 टक्के मिळतात, उरलेल्या 90 दिवसांना रोज फक्त 180 क्रोनर. महिन्याला 40 हजार क्रोनर पगार असेल तर दिवसाला सुमारे हजार क्रोनर. पगार 49 हजारांच्या आसपास गेला की रक्कम तिथेच थांबते, म्हणून जास्त पगारवाल्याने रजा घेणं घराला महाग पडतं. आणि जास्त पगारवाला बहुतेक घरांत अजूनही नवराच असतो. समतेची गाडी इथेही त्याच खड्ड्यात अडकते.

खरी मेख मात्र पैसे कोण देतं यात आहे. इथे कंपनी प्रत्येक कर्मचाऱ्याच्या पगारावर साधारण 31.42 टक्के सामाजिक वर्गणी भरते, मग तो पुरुष असो, बाई असो, पन्नाशीचा ब्रह्मचारी असो. रजेचे पैसे त्या सरकारी विम्यातून येतात. बाई नोकरीला ठेवली म्हणून कायद्याने मालकाचा खर्च एका क्रोनरने वाढत नाही.

भारतात मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने आईला 26 आठवडे भरपगारी रजा आली (दोन मुलं हयात असतील तर 12), दहा किंवा जास्त माणसांच्या आस्थापनांना. त्यासाठी मागच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं हवं. पन्नास माणसं असतील तर पाळणाघरही हवं. चांगलंच आहे. पण ईएसआयच्या, म्हणजे कमी पगाराच्या कामगारांसाठीच्या सरकारी विम्याच्या, बाहेर हा सगळा पगार मालकाच्या खिशातून जातो. बारा माणसांच्या ऑफिसात 60 हजारांची बाई रजेवर गेली की 3 लाख 60 हजार, वर बदली माणसाचा पगार. मग मुलाखतीत 'लग्न झालंय का? पुढचं प्लॅनिंग काय?' हा प्रश्न येतो. तो बुरसटलेल्या मनातून येत असेल, पण त्याला पाणी घालतो तो हा हिशेब.

बापाच्या बाजूला खासगी नोकरीत कायद्याने शून्य. केंद्र सरकारच्या नोकरांना 15 दिवस. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी 2017 मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं: 15 दिवस, तीन महिन्यांपर्यंत वाढवता येतील असे. त्याचा कायदा झाला नाही.

या 15 दिवसांची आणखी एक गंमत आहे. पहिलं बाळंतपण आपल्याकडे माहेरी. बाळ कोल्हापूरला, बाप हिंजवडीत. पहिले तीन महिने आजी, मालिशवाली, शेक-शेगडी असा फौजफाटा असतो. बापाला तिथे पाट मांडून जेवायला वाढतात. त्याची गरज पडते ती आई कामावर परतते तेव्हा, साधारण सहाव्या महिन्यात. आणि केंद्राच्या नियमाने त्याची रजा सहा महिन्यांच्या आत घेतली नाही तर बुडते! मला विचाराल तर बापाला निदान सहा आठवडे द्यावेत, आईची रजा संपल्यावर घेता येतील असे, न घेतल्यास बुडणारे, आणि पैसे मालकाऐवजी विम्यातून. तीन महिने मिळाले तर उत्तमच, पण क्रम चुकला तर तीन महिन्यांचाही उपयोग नाही.

आता कोणी म्हणेल, स्वीडन श्रीमंत आहे. आहे. आणि इथेही सगळं सगळ्यांना मिळत नाही. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधी सलग 240 दिवसांची कमाई नसेल, तर पहिले 180 दिवस रोज 250 क्रोनरवर भागवावं लागतं. नव्याने आलेली कितीतरी मराठी जोडपी इथेच फसतात. मूल दीड वर्षाचं असताना आलात तर 480 नाही, 200 दिवस. दुसरा वाढदिवस होऊन गेल्यावर आलात तर 100. आणि मूल एक वर्षाचं झाल्यावर पूर्ण वेळ घरी राहून आठवड्याला पाचपेक्षा कमी दिवस घेतले, तर ज्या पगारावर हिशेब होतो तो आकडाच खाली येऊ शकतो. दिवस पुरवून वापरायची आपली सवय नेमकी इथे नडते.

घर साफ करायला येणाऱ्या बाईचं काय? इथे 2007 पासून घरकामाच्या मजुरीवर निम्मी करसवलत आहे. फायदा घेणारे बहुतांश सुस्थितीतले, आणि फडकं मारणाऱ्या पुष्कळदा बाहेरून आलेल्या बायका. पण ती बाई कंपनीच्या पगारावर असेल तर तिलाही तेच 480 दिवस. आपल्याकडे 26 आठवड्यांची रजा संपवून मॅडम ऑफिसला जातात ते मावशींच्या जिवावर, आणि मावशींच्या बाळंतपणाला तो कायदा लागू नाही. फार तर मातृवंदना योजनेचे पहिल्या मुलाला 5,000 रुपये, तेही हप्त्यांत.

जुलै 2024 पासून इथे प्रत्येक पालकाला आपले 45 दिवस तिसऱ्या माणसाला, म्हणजे आजीलाही, देता येतात. अट अशी की तो माणूस स्वीडनच्या विम्याखाली हवा. सांगलीहून व्हिजिटर व्हिसावर आलेली आजी त्यात बसत नाही. ती डिंकाचे लाडू घेऊन येते, 90 दिवस बाळाला न्हाऊमाखू घालते आणि परत जाते. एक्याण्णवाव्या दिवशी बाप रजेचा अर्ज भरतो.