‘वरून ऑर्डर आली’ म्हणजे नेमकी कुठून?

माझे वडील सैन्यात होते. लहानपणी त्यांच्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे ‘वरून ऑर्डर आली’. एवढं बोलून ते पलंगाखालची काळी ट्रंक बाहेर ओढायचे. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव, रँक आणि नंबर. आई काही न विचारता कपड्यांच्या घड्या घालायला घ्यायची. मी मात्र एकदा विचारलं, वरून म्हणजे कुणाकडून? म्हणाले, सीओ साहेबांकडून, म्हणजे पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरकडून. त्यांना कोण सांगतं? ब्रिगेड. आणि ब्रिगेडला? डिव्हिजन. मी विचारत गेले, ते एकेक पायरी चढत गेले, आणि अगदी वर पोहोचल्यावर म्हणाले, ‘‘तिथं जे बसतात ते वर्दी घालत नाहीत.’’

मला ते पटलंच नाही. जो सगळ्यांत मोठा, त्याच्या खांद्यावर सगळ्यांत जास्त स्टार नकोत का?

आता तोच प्रश्न मोठ्या माणसांकडून ऐकते. कुठं चकमक झाली की लगेच सुरू होतं, ‘सैन्याला मोकळा हात द्या’, ‘पुढाऱ्यांना युद्धातलं काय कळतं’, ‘देशाची सूत्रं एखाद्या जनरलकडेच द्यायला हवीत’. बोलणाऱ्यांचं सैन्यावरचं प्रेम खरं असतं, त्याबद्दल मला शंका नाही. पण ही मागणी मला मनापासून चुकीची वाटते, आणि सैनिकाची मुलगी म्हणून जास्तच चुकीची वाटते.

सरसेनापती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घोड्यावरचा, हातात तलवार घेतलेला माणूस येतो. बहुतेक लोकशाही देशांच्या राज्यघटनेतला सर्वोच्च सेनापती तसा नसतो. तो शूर असावा अशी अटच नाही. त्याला बंदूक धरता आली नाही तरी चालतं. अट एकच, लोकांना किंवा लोकांच्या प्रतिनिधींना त्याला जाब विचारता आला पाहिजे आणि वेळ आली तर घरी पाठवता आलं पाहिजे. जनरलला आपण निवडून देत नाही, त्यामुळे मतपेटीतून त्याला घरीही पाठवता येत नाही. म्हणून शिडीच्या टोकाला बिनवर्दीचा माणूस.

ही सोय नसली की काय होतं ते जपाननं पाहिलं आहे. मेइजी राज्यघटनेच्या ११व्या कलमानं भूदल आणि नौदलाचं सर्वोच्च सेनापतिपद सम्राटाला दिलं होतं. वरवर पाहता यात काहीच खटकत नाही. पण सम्राट होता पवित्र, त्याला प्रश्न विचारायची सोय नाही. आणि सैन्याचं म्हणणं असं की आम्ही थेट सम्राटाला बांधील आहोत, मंत्रिमंडळानं आमच्या हालचालींत पडू नये. १८ सप्टेंबर १९३१ च्या रात्री चीनच्या मांचुरिया प्रांतात मुकडेनजवळ रेल्वेमार्गावर स्फोट झाला. तो घडवला होता जपानच्याच क्वांतुंग सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी, ठपका ठेवला चिन्यांवर, आणि मांचुरियात चाल केली. टोकियोत पंतप्रधान वाकात्सुकी म्हणत होते, प्रकरण वाढवायचं नाही. सैन्य वाढवत होतं. कोरियातल्या जपानी फौजेनं तर सम्राटाच्या मंजुरीचीही वाट पाहिली नाही, सरळ सीमा ओलांडली. डिसेंबरपर्यंत वाकात्सुकींचं मंत्रिमंडळ गेलं. पुढच्या मे महिन्यात नवे पंतप्रधान इनुकाई यांना नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी त्यांच्या निवासस्थानी घुसून गोळ्या घातल्या. ज्याला कुणी प्रश्न विचारू शकत नाही असा सरसेनापती नेमला, म्हणजे त्याच्या नावानं प्रत्येक कर्नल सरसेनापती होतो. शेवटी जिवानिशी गेले ते कुणाचे तरी वडील, काळी ट्रंक भरून निघालेले.

‘मोकळा हात’ म्हणणाऱ्यांनी हे वर्ष एकदा नीट वाचावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अर्थात घटनेत ओळ लिहिली म्हणजे काम झालं असंही नाही. आपल्याकडे कलम ५३ नुसार संरक्षण दलांचं सर्वोच्च सेनापतिपद राष्ट्रपतींकडे आहे आणि त्याचा वापर कायद्याच्या चौकटीत करायचा आहे. पण स्वातंत्र्यानंतर काही वर्षं भूदल, नौदल, हवाई दल यांच्या प्रमुखांच्या पदनामात कमांडर-इन-चीफ होतंच. १९५५ मध्ये कायदा करून ते काढलं आणि तिघेही चीफ ऑफ स्टाफ झाले. दिल्लीतलं तीन मूर्ती भवन हे मुळात ब्रिटिश कमांडर-इन-चीफचं फ्लॅगस्टाफ हाउस. १९४८ मध्ये तिथं पंतप्रधान राहायला गेले. नवीन देशात कोण कुणाच्या वर हे सांगायला एवढी एक गोष्टही पुरेशी होती.

पाकिस्ताननंही १९७२ मध्ये कमांडर-इन-चीफ हे पदनाम काढून चीफ ऑफ आर्मी स्टाफ केलं. पंतप्रधान भुट्टोंनी १९७६ मध्ये अनेक ज्येष्ठांना डावलून झिया उल हक यांना त्या खुर्चीत बसवलं. ५ जुलै १९७७ ला झियांनी भुट्टोंनाच पदावरून खाली खेचलं. पाटी दोन्हीकडे बदलली होती, पण पाकिस्तानात सवय १९५८ मध्येच पडून गेली होती. त्या ऑक्टोबरच्या ७ तारखेला राष्ट्राध्यक्ष इस्कंदर मिर्झांनी मार्शल लॉ पुकारला, सेनाप्रमुख अयुब खानांना त्याचा प्रमुख केलं, आणि २७ तारखेला अयुब खानांनी मिर्झांना घालवलं. वीस दिवस. चिलीत राष्ट्राध्यक्ष अलेंदेंनी २३ ऑगस्ट १९७३ ला पिनोशेंना सेनाप्रमुख नेमलं, ११ सप्टेंबरला पिनोशेंच्याच नेतृत्वाखाली बंड झालं. एकोणीस दिवस.

‘राष्ट्रपती काय, राजा काय, नुसते नावाचे सेनापती’ असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी स्पेन आठवून देते. २३ फेब्रुवारी १९८१ च्या संध्याकाळी तेहेरो नावाचा अधिकारी दोनशेच्या आसपास शस्त्रधारी शिपायांना घेऊन संसदेत घुसला. वालेन्सियात रणगाडे रस्त्यावर आले. राजा हुआन कार्लोस घटनेनुसार सेनादलांचा सर्वोच्च प्रमुख, पण रोजच्या कारभारात त्याचा शब्द चालत नव्हता. त्या रात्री त्यानं एकेका लष्करी विभागाच्या प्रमुखाला फोन लावले आणि रात्री एकनंतर सेनापतीचा गणवेश घालून टीव्हीवर देशाला सांगितलं की बंडाला माझी साथ नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संसद सुटली. त्या राजाचं पुढं जे झालं ते झालं, पण त्या रात्री ते नावापुरतं पद कामाला आलं. गणवेश चढवला तोही सैन्याला बराकीत परत पाठवायला.

एरवी पुढाऱ्यांनी गणवेश घालून मिरवणं मला आवडत नाही. सैनिकाला भेटावं, त्याचा हात हातात घ्यावा, त्याच्या बायको-मुलांना काय हवं नको ते विचारावं. त्याचे कपडे घालू नयेत. ते कपडे त्यानं कमावलेले असतात.

आणि स्वतःला सेनापती समजू लागलेल्या नेत्याची किंमतही सैनिकच मोजतो. १९१५ मध्ये रशियाचा झार निकोलस दुसरा सैन्याची सूत्रं स्वतःकडे घेऊन मोगिलेवच्या मुख्यालयात जाऊन बसला. तिकडे राजधानी वाऱ्यावर, इकडे प्रत्येक पराभव थेट त्याच्या नावावर. मार्च १९१७ मध्ये सिंहासन गेलं. हिटलरनं तर १९३४ मध्येच सैनिकांकडून देशाऐवजी स्वतःच्या नावाची शपथ घेतली होती, आणि डिसेंबर १९४१ मध्ये भूदलाचं थेट सेनापतिपदही घेतलं. आज जर्मनीत शांततेच्या काळात सैन्याची आज्ञा संरक्षणमंत्र्याकडे असते, देशावर हल्ला झाल्याचं संसदेनं ठरवलं की ती चॅन्सेलरकडे जाते. एकाच मुठीत सगळं ठेवायचं नाही हे त्यांनी फार मोठी किंमत देऊन शिकलं.

मला या सगळ्यात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्याबद्दल जास्त बोलायचं आहे, कारण या पदाच्या तिन्ही बाजू या एका माणसाच्या कारकिर्दीत दिसतात.

२५ जुलै १९४५ च्या लष्करी आदेशात लिहिलं होतं की पहिल्या अणुबॉम्बनंतरचे बॉम्ब तयार होतील तसे टाकावेत. म्हणजे नागासाकीसाठी राष्ट्राध्यक्षाची वेगळी परवानगी लागलीच नाही. यंत्रणा आपोआप चालू होती. १० ऑगस्टला अणुबॉम्ब प्रकल्पाचे प्रमुख जनरल ग्रोव्ह्ज यांनी सेनाप्रमुख मार्शल यांना टाइप केलेलं टिपण पाठवलं: पुढचा बॉम्ब १७ किंवा १८ ऑगस्टनंतर हवामान साथ देईल तेव्हा टाकायला तयार असेल. त्याच कागदावर मार्शल यांनी हातानं एक ओळ लिहिली. राष्ट्राध्यक्षांच्या स्पष्ट परवानगीशिवाय हा जपानवर टाकायचा नाही. त्या दिवशी ट्रुमननी मंत्रिमंडळाला सांगितलं की मी हे थांबवलं आहे. आणखी एक लाख माणसं पुसून टाकायची कल्पना त्यांना सहन होत नव्हती, ‘ती सगळी मुलं’ असे शब्द त्यांनी वापरल्याची नोंद मंत्री हेन्री वॉलेस यांच्या रोजनिशीत आहे.

हिरोशिमाचा भार त्यानं हलका होतो, असं मी अजिबात म्हणत नाही. मी त्या हातानं लिहिलेल्या ओळीकडे पाहते आहे. बॉम्ब तयार होत आलेला, विमानं तयार, वैमानिक तयार, जुना आदेश अजून लागू, आणि तरी कुणीतरी वरून ‘थांबा’ म्हणालं. सरसेनापती कशासाठी असतो असं मला कुणी विचारलं तर मी तो कागद दाखवीन. हल्ला करा म्हणणारे खालीही पुष्कळ असतात, आणि तो त्यांच्या कामाचाच भाग आहे.

पुढं कोरियाचं युद्ध. तिथल्या फौजांचे सेनापती मॅकआर्थर म्हणजे पंचतारांकित जनरल, लोकांच्या गळ्यातला ताईत. ट्रुमन पहिल्या महायुद्धात तोफखान्याचे कॅप्टन, म्हणजे रँकच्या हिशेबात कितीतरी खाली. मॅकआर्थरना युद्ध चीनपर्यंत न्यायचं होतं, सरकारला नव्हतं. मतभेद असायला हरकत नव्हती. पण त्यांनी विरोधी पक्षाच्या संसदेतल्या नेत्याला पत्र लिहून सरकारच्या धोरणाविरुद्ध मत दिलं आणि ५ एप्रिल १९५१ ला ते पत्र सभागृहात वाचलं गेलं. ११ एप्रिलला ट्रुमननी त्यांना पदावरून दूर केलं. न्यूयॉर्कमध्ये मॅकआर्थरवर कागदाच्या पट्ट्यांचा पाऊस पडला आणि ट्रुमनची लोकप्रियता रसातळाला गेली. तेव्हा जनतेचं मत घेतलं असतं तर जनरलच जिंकला असता. तिन्ही दलांचे वरिष्ठ अधिकारी मात्र राष्ट्राध्यक्षांच्या बाजूनं उभे राहिले. माझ्या मते या कथेतला सगळ्यात मोलाचा भाग तोच. गणवेशातल्या माणसांनाच कळलं होतं की शिडीची वरची पायरी मोडली तर आपणही उभे राहू शकत नाही.

आणि याच ट्रुमनना पुढच्या वर्षी न्यायालयानं अडवलं. १९५२ च्या एप्रिलमध्ये पोलाद कारखान्यांत संप होणार होता, युद्ध चालू होतं, म्हणून त्यांनी कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले. २ जूनला सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी ते बेकायदा ठरवलं. न्यायमूर्ती जॅक्सन यांनी आपल्या निकालपत्रात जे लिहिलं त्याचा आशय असा की राज्यघटनेनं राष्ट्राध्यक्षांना भूदल-नौदलाचं सरसेनापती केलं आहे, देशाचं, त्यातल्या उद्योगांचं आणि रहिवाशांचं नाही. ट्रुमननी कारखाने परत केले. आजकाल नागरिकच आपल्या नेत्याला ‘आमचे सेनापती’ म्हणतात तेव्हा मला हा निकाल आठवतो. सेनापतीला सैनिक उलट विचारत नाही. आपण सैनिक नाही, आपण विचारलंच पाहिजे. सैनिकाच्या वतीनंही आपणच विचारायचं असतं, कारण शपथेनं त्याचं तोंड बांधलेलं असतं.

‘सैन्याला पूर्ण मोकळीक दिली आहे’ असं एखादा नेता जाहीर सभेत म्हणतो तेव्हा टाळ्या पडतात. मला त्या वाक्याची भीती वाटते. यश आलं तर श्रेय घ्यायला नेता पुढं येणार, अपयश आलं तर मोकळीक दिली होती म्हणणार. कुठवर जायचं, कुठं थांबायचं, किती जीव पणाला लावायचे हे ठरवण्याची जबाबदारी त्याची आहे, ती खाली ढकलता येत नाही. डोंगर कुठल्या बाजूनं चढायचा हे जनरलला ठरवू द्या. तो डोंगर घ्यायचाच का, हे ज्याला आपण निवडून दिलं त्यानं ठरवावं आणि त्याखाली स्वतःची सही करावी.

अमेरिकेच्या यादवी युद्धात राष्ट्राध्यक्ष लिंकननी अशा सह्या केल्या. प्रत्यक्ष लढाईचा अनुभव नव्हता म्हणून ग्रंथालयातून युद्धशास्त्राची पुस्तकं आणून वाचली, युद्ध खात्याच्या तारघरात तासन् तास बसून येणारी प्रत्येक तार पाहिली. १८६३ च्या जुलैत त्यांच्या बाजूचे जनरल ग्रँट यांनी व्हिक्सबर्ग शहर जिंकलं. मधे एका टप्प्यावर लिंकनना वाटलं होतं की ग्रँट चुकत आहेत. १३ जुलैला त्यांनी ग्रँटना पत्र लिहिलं आणि कबूल केलं: तुम्ही बरोबर होता, मी चुकलो होतो. दुसऱ्या दिवशी, १४ जुलैला, त्यांनी जनरल मीडना लिहिलं. गेटिसबर्गची लढाई जिंकूनही मीडनी शत्रूचे सेनापती ली यांच्या सैन्याला निसटू दिलं होतं. सुवर्णसंधी गेली, मला अपार दुःख झालं आहे, असं पत्र. मग ते पाकिटात घातलं आणि पाकिटावर लिहिलं, जनरल मीड यांना, पाठवलं नाही, सहीही केली नाही.

दोन्ही पत्रं मी वडिलांना वाचून दाखवली. ग्रँटचं पत्र त्यांनी पुन्हा एकदा वाचायला सांगितलं.